पिलाचे दांत येतात तेव्हां

आजच्या भाषणाचा विषय कानांवर पडतांच आपल्यापैकीं कित्येकांस हसूं आलें असेल. कुत्र्याच्या पिलाचे दांत सृष्टिनियमानें येतात आणि सृष्टिनियमानें पडतात. त्यावर एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें व्याख्यान तें काय द्यावें! आक्षेप वाजवी आहे. मी पशुवैद्य नव्हे, फारसा शिकलेलाही नव्हे. मॅट्रिक झालों आणि पुढचा जन्म खेड्यांतल्या मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत गेला. परंतु मी राहतों तें भोर तालुक्यांतलें कामथडी गांव पुणें-सातारा हमरस्त्याला लागून आहे, आणि हा विषय मला त्या रस्त्यानें शिकविला आहे.

सुट्यांचे दिवस संपले कीं या रस्त्याच्या कडेला, धाब्यांच्या आणि पेट्रोलपंपांच्या आसपास, एखादें नवें कुत्रें दिसूं लागतें. तें गांवचें नव्हे हें चटकन् ओळखूं येतें. मानेवर पट्ट्याचा वळ असतो, अंगावरचे केस मऊ असतात, आणि कोणतीही मोटार थांबली कीं तें तिच्या दाराशीं धांवत जाऊन उभें राहतें. अशा कुत्र्याचा ओठ हळूच वर करून पाहिला म्हणजे पुष्कळ वेळां एकच देखावा दिसतो. पुढचे दांत नवे, रुंद आणि पांढरे शुभ्र; सुळे मात्र अजून दुधाचेच, सुईसारखे; किंवा एका बाजूचा पडलेला आणि दुसऱ्या बाजूचा हलणारा. बैलबाजारांत दांत पाहून आदत, दोनदांती, चारदांती असें वय सांगतात. तसेंच येथेंही सांगतां येतें. वय साडेचार ते पांच महिने. दोन महिन्यांचें गोजिरवाणें पिलूं म्हणून तें कोणाच्या तरी घरीं गेलें. आणि ज्या सुमारास त्यानें जोडे, पायपुसणीं व मुलांच्या वह्या फाडण्यास आरंभ केला, त्याच सुमारास तें रस्त्यावर आलें. हा केवळ योगायोग आहे असें मला वाटत नाहीं. आमच्या मुलखाला लागूनच जेजुरी आहे. खंडोबापाशीं कुत्रें असतें, दत्ताच्या पायांशीं तर चार असतात. तसबिरींतल्या कुत्र्यांना आपण हात जोडतों, आणि घरांतल्यानें चप्पल फाडली कीं त्याला मोटारींत घालून घाटापलीकडे सोडून येतों! जनावरास उपाशीतापाशी मरण्यासाठीं असें टाकून देणें हा १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हेंही पुष्कळांना ठाऊक नसतें.

म्हणून प्रथम दांतांचें गणित पाहूं. पिलूं जन्मतें तेव्हां त्याच्या तोंडाचें बोळकें असतें. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दांत हिरडीबाहेर डोकावूं लागतात, आणि दोन महिन्यांच्या आंत चौदा वर व चौदा खालीं असे एकंदर २८ दांत येऊन चुकतात. ते बारीक आणि अतिशय तीक्ष्ण असतात. आईला ते टोचूं लागले कीं ती पिलांना दूर सारूं लागते, आणि पिलांचें अंगावरचें दूध सुटतें तें अशा रीतीनें.

तिसरा महिना संपत आला कीं दुसरा अंक सुरू होतो. दुधाच्या दांताच्या मुळाशीं, हिरडीच्या आंत, कायमच्या दांताचा अंकुर आधींपासूनच बसलेला असतो. तो वाढूं लागला म्हणजे दुधाच्या दांताचें मूळ झिजत जातें. शरीर स्वतःच तें विरघळवून शोषून घेतें. मुळाचा आधार गेला कीं दांत हलूं लागतो आणि एके दिवशीं गळून पडतो. पडलेला दुधाचा दांत आपण हातांत घेतला तर त्याला मूळ असें जवळजवळ दिसत नाहीं, तांदळाच्या कणीएवढी नुसती टोपी दिसते, याचें कारण हेंच. प्रथम पुढचे पटाशीचे दांत बदलतात, तिसऱ्यापासून पांचव्या महिन्यापर्यंत. त्यानंतर सुळे आणि त्यांच्या मागच्या लहान दाढा, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत. अगदीं मागच्या मोठ्या दाढा शेवटीं येतात, आणि सातव्या महिन्याच्या सुमारास वर २० व खालीं २२ मिळून ४२ दांतांचें तोंड पुरें होतें. २८ चे ४२ झाले, तेव्हां वरचे १४ कोठून आले, असें एखादा चौकस मुलगा विचारील. ते नव्यानेंच येतात. त्यांच्या जागीं दुधाचे दांत कधीं नव्हतेच. मागच्या दहा मोठ्या दाढा आणि सुळ्यांमागची प्रत्येक बाजूची पहिली लहान दाढ, असा त्यांचा हिशेब आहे.

माणसाच्या मुलाला दुधाचे वीस दांत बदलण्यास सहाव्यापासून बाराव्या वर्षापर्यंतचा काळ लागतो. पहिली-दुसरीचा वर्ग ज्यानें शिकविला आहे त्याला तीं खिंडारें पडलेलीं तोंडें आणि ‘सशाचा’ म्हणतांना सुटणारा वारा चांगला आठवत असेल. मुलाला ज्या कामास सहा वर्षें लागतात, त्याहून मोठें काम पिलूं चार महिन्यांत उरकतें. एकाच वेळीं त्याच्या तोंडांत कांहीं दांत हलत असतात, कांहीं पडलेले असतात आणि कांहीं हिरडी फोडून वर येत असतात. हिरड्या लाल होतात, लाळ गळते, तोंडाला किंचित् रक्ताचा वास येतो. पिलूं एकाच बाजूनें चावतें, कडक खाणें तोंडांत घेऊन पुन्हां खालीं टाकतें. चघळलेल्या फडक्यावर रक्ताचा लहानसा ठिपका दिसला तर घाबरण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे मुलाचा पडलेला दांत कोणी कौलांवर टाकतात, कोणी उंदराच्या बिळांत. पिलूं आपला दांत बहुधा स्वतःच गिळून टाकतें, आणि त्यापासून त्याला कांहीं अपाय होत नाहीं.

आतां तें चावतें कां? हिरडी ठसठसत असतां तिच्यावर दाब पडला म्हणजे बरें वाटतें, हें एक कारण. दुसरें असें कीं पिलाला हात नाहींत. वस्तु मऊ आहे कीं टणक, खाण्याची आहे कीं खेळण्याची, हें तें तोंडानेंच पाहतें. या दोन्ही गोष्टी एकाच वयांत एकत्र येतात. दांत आहेत तर चणे नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. पिलाची अवस्था अक्षरशः तशीच असते. त्याच्या तोंडांत दांतांची गर्दी उसळलेली असते, आणि घरानें त्याला चणे दिलेले नसतात. मग जें जमिनीवर सांपडेल तेंच चणे. शहरांतील घरांत जमिनीवर काय सांपडतें? जोडे, पायपुसणें, पडद्याचें टोक, खुर्चीचा पाय आणि विजेची तार. यांत त्याचा दुष्टपणा कोठें आला?

आमच्या गांवठी पिलांना कोणी खेळणें आणून देत नाहीं. तीं उसाचीं चिपाडें चघळतात, गोठ्यांतल्या दाव्याचें टोक कुरतडतात, वाळक्या शेंगा फोडतात. शिवाय त्यांना आपसांत लोळावयास सारें अंगण असतें, आणि मेंढरांमागें फिरणाऱ्या धनगरांचीं पिलें तर दिवसभर चालून संध्याकाळीं जागच्या जागीं झोंपीं जातात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ही सारी सोय घरच्या माणसांना हातानें करावी लागते. ती महाग नाहीं. पण रोजची आहे.

पहिली वस्तु म्हणजे फडकें. जुन्या धोतराचा किंवा सुती पंचाचा हातभर तुकडा घेऊन त्याचा घट्ट पीळ करावा, मधोमध एक गांठ मारावी, पाण्यांत भिजवून तो फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावा, आणि कडक झाला कीं पिलाला द्यावा. थंडीनें हिरडी किंचित् बधिर होते आणि गांठ दाबल्यानें ठसका कमी होतो. असे दोन पीळ असावेत. एक पिलाच्या तोंडांत असतां दुसरा कप्प्यांत. मात्र सुत सुटूं लागलेलें फडकें काढून टाकावें. गिळलेला दोरा आंतड्यांत अडकून त्यांना कापूं शकतो, आणि तें प्रकरण शस्त्रक्रियेवर जातें. बर्फाचे नुसते खडे मात्र मी देत नाहीं, कारण ते कोवळ्या दांतांना फार टणक पडतात.

गाजर ही दुसरी वस्तु. जाड, सोललेलें, थंड केलेलें अखंड गाजर पिलाला तास-अर्धा तास पुरतें. काकडीही चालते. मात्र शेवटचा बोटभर तुकडा उरला कीं काढून घ्यावा, नाहीं तर तें तो न चावतां गिळून टाकील. आमच्या भागांत मी आणखी एक गोष्ट पाहतों, ती म्हणजे उन्हांत कडकडीत वाळविलेली ज्वारीची भाकरी. ती मोडते, विरघळते, पोटांत गेली तरी अन्नच; शिळ्या भाकरीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाहीं. हिरडी फार दुखत असेल त्या दिवशीं तीच भाकरी ताकांत किंवा पातळ सुपांत कुस्करून दिली कीं उपाशी राहिलेलें पिलूं खातें.

बाजारांत रबरी खेळणीं मिळतात. घ्यावयाचें तर दोन गोष्टी पाहून घ्यावें. पहिली, तें पिलाच्या तोंडांत सबंध मावणार नाहीं एवढें मोठें असावें. दुसरी, त्यावर आंगठ्याचें नख दाबून पाहावें; नखाची खूण उमटली तर ठीक, न उमटली तर ती वस्तु दांतांहून कठीण समजावी. दगड, लोखंडी साखळी, शिंगें आणि खूर या परीक्षेंत नापास होतात. नवे आलेले दांत बाहेरून भक्कम दिसतात, पण ते आंतून अद्याप भरावयाचे असतात. टणक वस्तूवर ते सहज तडकतात.

कांहीं घरांत मायाळूपणानें पिलाला एखादी जुनी चप्पल खेळावयास देतात. असें मुळींच करूं नये. जुनी चप्पल आणि काल आणलेला नवा जोडा यांतला भेद आपल्याला पैशांमुळें कळतो; पिलाला दोहोंना एकच वास येतो. जोडे फळीवर उचलून ठेवणें, मुलांच्या वह्या दप्तरांत घालणें, तारा भिंतीच्या कडेनें उंच नेणें, हें शिक्षण पिलाचें नसून घराचें आहे, आणि अनुभव असा कीं घराला शिकविणें अधिक कठीण जातें. खुर्चीच्या पायांना कडुनिंबाच्या पाल्याचा कडक काढा चोळला तर कित्येक पिलें पुन्हां तोंड लावीत नाहींत; कांहीं बहाद्दर तोही चाटून पुसून घेतात. मिरचीची पूड मात्र कोणीं लावूं नये. ती नाकाडोळ्यांत जाऊन जनावर तळमळतें, आणि दांतांचें दुखणें जागच्या जागीं राहतें.

न देण्याच्या वस्तूंची यादी मोठी आहे. त्यांतल्या जिवावर बेतणाऱ्या तेवढ्या सांगतों. शिजविलेलें हाड, मग तें कोंबडीचें असो वा मटणाची नळी असो, देऊं नये. शिजल्यानें तें ठिसूळ होतें व त्याच्या सुळसुळीत किरच्या घशांत किंवा आंतड्यांत रुततात. आंब्याच्या दिवसांत कोय आणि पावसाळ्यांत दाणे काढलेलें मक्याचें कणीस, हीं दोन्ही पिलूं मोठ्या चवीनें चघळतें आणि शेवटीं गिळतें. तीं आंतड्यांत बुचासारखीं बसतात. द्राक्षें, मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषासमान आहेत. कण्हेरीचें झाड हमरस्त्याच्या मधल्या पट्टींत आणि बंगल्यांच्या कुंपणाशीं सर्रास लावतात; तिचें पान, फूल, काटकी, सर्व विषारी. कुंड्यांना एरंडीची पेंड घालणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. पेंडीचा वास कुत्र्याला आवडतो, आणि तींतलें विष थोडक्यांत काम करतें.

औषधाविषयींही एक शब्द. मुलांच्या हिरडीला लावण्याचें मलम, दाढदुखीवरचें लवंगेचें तेल, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, यांपैकीं कांहीं पिलाला देऊं नये. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन आपल्याला बरें करतें. कुत्र्याचें यकृत, मूत्रपिंड आणि पोट यांवर तें घाला घालतें. दांत येण्याच्या दुखण्याला बहुधा औषध लागतच नाहीं. लागलें तर तें पशुवैद्यानें द्यावें.

येथवर वस्तूंचें झालें. पण पिलूं हातालाही चावतें, आणि घरांतली खरी कुरबूर तेथून सुरू होते. भावंडांत खेळतांना एकानें दुसऱ्याचा कान जोरानें धरला कीं दुसरें किंचाळतें आणि खेळ थांबवितें. जबडा किती आवळावा हें पिलूं त्या किंचाळण्यावरून शिकतें, आणि हा धडा पांचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत चाललेला असतो. त्याच्या आधींच पिलाला आईपासून तोडलें तर तो धडा राहून जातो, व तो पुढें आपल्या मनगटावर पुरा होतो. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीं सरकारनें २०१७ मध्यें नियम केले; त्यांतही आठ आठवड्यांखालचें पिलूं विकूं नये असें आहे. महिन्याभराचें पिलूं ‘लहानपणापासून माया लागेल’ म्हणून जो विकत देतो, तो मायेचा नव्हे, दुधाच्या खर्चाचा हिशेब करीत असतो.

पिलानें हात धरला तर हात झटकन् ओढूं नये. ओढला कीं त्याला तो खेळ वाटतो, आणि ओरखडाही लांब उठतो. हात सैल सोडून निश्चल ठेवावा, शांतपणें ‘अं हं’ म्हणावें आणि दुसऱ्या हातानें गार फडकें पुढें करावें. तें घेतलें तर कौतुक करावें. पुन्हां पुन्हां हातच धरूं लागलें तर उठून पाठ फिरवावी व अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहूं नये. चावलें कीं खेळ संपतो, एवढें त्याला दहा-पंधरा दिवसांत कळतें. मात्र घरांतल्या प्रत्येकानें तेंच केलें पाहिजे. सहसा असें होतें कीं आजोबा लाडानें बोटें चावूं देतात, वडील थोबाडींत मारतात, आई ओरडते आणि मुलें किंकाळ्या फोडीत पळत सुटतात. चार गुरूंनीं चार उत्तरें सांगितलीं तर विद्यार्थी पांचवें लिहितो! मारण्याविषयीं म्हणाल तर, छडीनें पाढे पाठ होतात कीं नाहीं हा वाद मी येथें उकरीत नाहीं. पण छडीनें दांत लौकर पडत नाहींत, हें निश्चित. ज्याच्या दुखऱ्या तोंडावर मार बसतो तें पिलूं तोंडाजवळ येणाऱ्या हाताला भिऊं लागतें, आणि मोठेपणीं त्याला औषध पाजण्यास किंवा त्याचा कान पाहण्यास कोणाचा हात धजत नाहीं.

आणखी एक बारीक गोष्ट. या वयाचें पिलूं दिवसांतून सोळा ते अठरा तास झोंपतें. पाहुण्यांच्या गर्दींत किंवा मुलांच्या दंग्यांत त्याची झोंप मोडली म्हणजे तें संध्याकाळीं पिसाळल्यासारखें धांवतें आणि दिसेल त्याला चावतें. हातांपायांशीं झटापट करण्यापेक्षां त्याला एका अंधाऱ्या कोपऱ्यांत गोणपाटावर नेऊन ठेवावें. पांच मिनिटांत घोरूं लागतें.

पिसाळणें हा शब्द तोंडांत आला, तेव्हां एका गोष्टीचा खुलासा केल्याशिवाय पुढें जाणें बरें नव्हे. ‘पिलूंच तें, त्याचे दुधाचे दांत, त्यानें काय होतें’ असें पुष्कळ सुशिक्षित घरांतही म्हणतात. दांत दुधाचे असले तरी लाळ ही लाळच. पिसाळलेलें कुत्रें ज्या पिलाला चावलें असेल त्याच्यापासूनही रेबीज होतो, आणि रोगाचीं लक्षणें एकदां उमटलीं कीं माणूस जवळजवळ कधींच वांचत नाहीं. म्हणून दांत लागून रक्त आलें, किंवा नुसती कातडी खरचटली, तरी जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, तींत हळद किंवा चुना भरूं नये, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. १८८५ मध्यें लुई पाश्चर यांनीं जोसेफ मायस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलावर या रोगाची लस प्रथम चालविली. तेव्हांपासून हें मरण टाळतां येण्यासारखें झालें आहे. पोटांत चौदा सुया टोंचण्याची जी धास्ती आपल्या पिढीनें खाल्ली, ती पद्धतिही आतां राहिलेली नाहीं. दंडावर थोड्या मात्रा घेऊन काम भागतें. पिलाला स्वतःला ही लस तिसरा महिना भरतांच टोंचून घ्यावी, म्हणजे नेमकी दांत पडूं लागण्याच्या सुमारास.

आतां ज्यासाठीं हें सारें भाषण खर्चीं घातलें तरी चालेल, असा मुद्दा सांगतों. माणसाच्या बाळाला जुलाब झाले कीं आपल्या घरांतून ‘दांत येताहेत, होणारच’ असें म्हणण्याची जुनी चाल आहे. त्या एका वाक्यापायीं किती बाळांना वेळेवर औषधपाणी मिळालें नसेल! तेंच वाक्य आतां पिलांच्याही वांट्याला आलें आहे. दांत येतांना पिलूं थोडें कमी खाईल, किरकिरेल, लाळ गाळील. पण ताप, वारंवार वांत्या, घाण वासाचे पातळ किंवा रक्ताळलेले जुलाब, आणि दिवसभर मान टाकून पडून राहणें, हें दांतांचें काम नव्हे. नेमक्या याच वयांत, म्हणजे दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत, कुत्र्यांना पार्व्हो नांवाचा रोग गांठतो. हा रोग फार जुना नाहीं. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. त्याचे विषाणु आंतड्यांचें अस्तर उध्वस्त करतात. अंगांतलें पाणी भराभर जातें आणि लहान पिलूं दोन-तीन दिवसांत दगावतें. वेळेवर शिरेंतून सलाईन मिळालें तर पुष्कळ पिलें वांचतात. ‘उद्यां पाहूं’ म्हणणाऱ्या घरांतलीं वांचत नाहींत. हे विषाणु मातींत महिनेच्या महिने तग धरतात आणि आपल्या जोड्यांच्या तळव्यांना चिकटून घरांत येतात. पिलाला बाहेर नेलें नाहीं, मग रोग कोठून होईल, या समजुतींत अर्थ नाहीं.

यावर लस आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून आरंभ करून दर तीन-चार आठवड्यांनीं, सोळावा आठवडा होईपर्यंत, ती पुन्हां पुन्हां टोंचावी लागते. एकच गोष्ट तीन-चारदां कशासाठीं, असें लोक विचारतात व दुसऱ्या खेपेला जातच नाहींत. कारण असें कीं आईच्या चिकाच्या दुधांतून पिलाला जें रोगनिवारक द्रव्य मिळालेलें असतें, तेंच आरंभीं लशीलाही हाणून पाडतें. तें कोणत्या आठवड्यांत संपेल हें बाहेरून कळत नाहीं. म्हणून मात्रा अंतराअंतरानें देत राहावयाचें. याच लशींत डिस्टेंपर या दुसऱ्या रोगाचीही तरतूद असते. त्या रोगाचा दांतांशीं सरळ संबंध आहे: कायमचे दांत हिरडीच्या आंत घडत असतांना डिस्टेंपर झाला आणि पिलूं त्यांतून वांचलें, तरी त्या दांतांवरचें कवच जागोजाग फुटकें, खडबडीत व तपकिरी येतें, आणि जन्मभर तसेंच राहतें. गांवांत अशा दांतांचीं कुत्रीं मीं पाहिलीं आहेत.

शेवटचा विषय न पडणाऱ्या दांतांचा. मूळ विरघळण्याचें काम कधीं कधीं अर्धवट राहतें. जुना दांत जागा सोडीत नाहीं आणि नवा त्याच्या शेजारीं उगवतो. लांब जबड्याच्या गांवठी किंवा कारवान कुत्र्यांत हें क्वचित् दिसतें. शहरांत लोकप्रिय असलेल्या लहान चणीच्या केसाळ पामेरियनांत, आणि चपट्या तोंडाच्या जातींत, पुष्कळदां दिसतें. वरचा नवा सुळा जुन्याच्या पुढच्या अंगाला येतो, खालचा नवा आंतल्या अंगाला येतो. खालचा जुना सुळा जागीं राहिला तर नवा आंत ढकलला जाऊन टाळूला टोंचतो, आणि तोंड मिटतांना दर वेळीं पिलाला यातना होतात. दोन दांतांच्या फटींत अन्न अडकून हिरडी सडते ती वेगळीच. एका जागीं एकाच जातीचे दोन दांत शेजारीं शेजारीं दिसले कीं पशुवैद्याला दाखवावें. पुण्यांत पशुवैद्य पुष्कळ आहेत. आमच्या बाजूच्या लोकांना सारोळ्याजवळ नीरा ओलांडली कीं शिरवळचें क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतें, आणि मुंबईकरांना परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मुलाचा हलता दांत दोरा बांधून ओढण्याची जी हौस घरांत असते, ती मात्र येथें आंवरावी. न पडलेल्या दुधाच्या सुळ्याचें मूळ लांब आणि बारीक असतें. ओढतां ओढतां तें हिरडीच्या आंत मोडतें व तेथें पू धरतो. पशुवैद्य भूल देऊन तो सबंध काढतो.

सातवा महिना भरला कीं एकदां खिडकीजवळच्या उजेडांत बसून ओठ वर करून दांत मोजावे. वर वीस, खालीं बावीस. पिलाला पहिल्या दिवसापासून तोंडाला हात लावूं देण्याची संवय असेल तर तें मोजूं देतें. मागच्या दाढांपाशीं मात्र जीभ आडवी येते आणि हिशेब चुकतो, म्हणून एकानें तोंड धरावें व दुसऱ्यानें मोजावें.